गडकोटांचा कथाकार : जे. आर. आर. टॉल्किन



'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरील तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात पडद्यावर आले. तेव्हापासून आपल्याकडील अनेक तरुण मुलामुलींना एका इंग्रज प्राध्यापकाचे नाव माहीत झाले आहे. डोंगराला बिलगलेली पांढरी नगरी, काळे बुरूज, तटाला लावलेल्या शिड्या आणि फुटलेले दरवाजे त्यांना चांगले आठवतात. परंतु ज्या लेखणीतून हे सारे गड उभे राहिले ती एका श्रद्धावंत कॅथलिक गृहस्थाची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ आणि एक प्रश्न सोबत ठेवू. ज्या लेखकाने एवढे गड बांधले, त्याच्या कथांमध्ये केवळ भिंतींच्या बळावर एकही गड का वाचत नाही?

आधी वडील, मग आई

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. लहान रोनाल्डला तेथील उष्मा मानवत नव्हता. म्हणून आई मेबल १८९५ मध्ये त्याला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आल्या. वडील मागाहून येणार होते. ते कधीच आले नाहीत. फेब्रुवारी १८९६ मध्ये आजारपणात त्यांचे तिकडेच निधन झाले. रोनाल्ड तेव्हा चार वर्षांचा होता.

मेबल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात लहानसे घर भाड्याने घेतले. जवळ पाणचक्की होती, ओढा होता, चढायला झाडे होती. आईनेच मुलांना घरी लॅटिन, चित्रकला आणि झाडाझुडपांची नावे शिकवली. पुढे टॉल्किन यांनी हॉबिट नावाच्या बुटक्या, साध्याभोळ्या माणसांचा मुलूख रंगवला, तो या खेड्याच्या आठवणींवरून. त्या मुलखात शेते आहेत, बागा आहेत, टेकडीत कोरलेली उबदार घरे आहेत. गड मात्र एकही नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण साऱ्या गडांच्या लढाईचा निकाल शेवटी याच बिनगडाच्या मुलखातील माणसे लावतात.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. नातेवाईक प्रॉटेस्टंट होते आणि त्यांना हा निर्णय अजिबात रुचला नाही. विधवा बाईला मिळणारी पैशांची मदत थांबली. दोन मुलांना घेऊन त्या एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात जात राहिल्या, पण त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. १९०४ मध्ये त्यांना मधुमेह असल्याचे कळले. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी त्या देवाघरी गेल्या. रोनाल्ड बारा वर्षांचा होता. आपल्या आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले अशी त्याची आयुष्यभर भावना राहिली.

मृत्यूपूर्वी मेबल यांनी मुलांचे पालकत्व एका धर्मगुरूंकडे सोपवले होते. त्यांचे नाव फादर फ्रान्सिस मॉर्गन. कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेल्या बर्मिंगहॅम ऑरेटरीतील ते धर्मगुरू. (न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद बहाल करण्यात आले.) फादर मॉर्गन यांनी मुलांच्या राहण्याची सोय केली, शिक्षण पाहिले आणि स्वतःच्या पैशांतून गुपचूप भर घातली. दोघे भाऊ सकाळी ऑरेटरीत मिस्साला सेवा करत आणि मग शाळेला जात. ज्याच्या डोक्यावर हक्काचे छप्पर नव्हते अशा मुलाला आसरा मिळाला तो एका माणसाच्या शब्दाचा. आसरा म्हणजे काय, याचा हा त्याने घेतलेला पहिला अनुभव आहे असे आम्हाला वाटते.

खऱ्या गडाच्या सावलीत

सोळाव्या वर्षी रोनाल्डची भेट एडिथ ब्रॅट हिच्याशी झाली. दोघेही एकाच घरात भाड्याने राहत होते. ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि तीही अनाथ. दोघांचे प्रेम जडले आणि अभ्यासावर परिणाम होऊ लागला. फादर मॉर्गन यांनी सक्त मनाई केली. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत भेट नाही, पत्र नाही. रोनाल्डला हे फार जड गेले, पण ज्यांनी बापाच्या मायेने वाढवले त्यांचा शब्द त्याने मोडला नाही. ३ जानेवारी १९१३ रोजी एकविसावे वर्ष पूर्ण झाले, त्याच रात्री त्याने एडिथला पत्र लिहिले. तिचे लग्न दुसरीकडे ठरले होते. पाच दिवसांनी दोघे भेटले आणि तिने ते लग्न मोडले.

एडिथने कॅथलिक होण्याचे ठरवताच, ती ज्यांच्या घरी राहत होती त्यांनी तिला घर सोडायला सांगितले. ती वॉरिक या गावी राहायला गेली. एव्हन नदीच्या काठी कड्यावर उभा असलेला तेथील किल्ला इंग्लंडमधील नामांकित किल्ल्यांपैकी एक. विजेता विल्यम राजाने १०६८ साली तेथे पहिला कोट उभारला. टॉल्किन तोवर ऑक्सफर्डला शिकत होते आणि एडिथला भेटायला या गावी येत. त्यांनी जेव्हा आपल्या काल्पनिक जगाच्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या, तेव्हा वॉरिकला त्यांनी एल्फ या देखण्या, दीर्घायुषी लोकांची नगरी बनवले आणि तिला कोर्टिरियन असे नाव दिले. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिकच्याच कॅथलिक चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. जूनमध्ये टॉल्किन यांना युद्धावर जावे लागले.

दोन अर्थांचा खंदक

आपल्या भाषेत गडाभोवतीच्या खाईला खंदक म्हणतात आणि सैनिक जमिनीत खणून ज्यात लपतात त्या चरालाही खंदकच म्हणतात. १९१६ साली फ्रान्समध्ये सॉम नदीच्या खोऱ्यात जी लढाई झाली, ती या दुसऱ्या प्रकारच्या खंदकांची होती. १ जुलै १९१६ या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्यात टॉल्किन यांचा शाळेपासूनचा जिवलग मित्र रॉबर्ट गिल्सन होता.

टॉल्किन लँकेशायर फ्यूजिलिअर्स या पलटणीत संदेशवहन अधिकारी होते. दिवे, झेंडे, तारा, कबुतरे अशा मिळेल त्या साधनाने निरोप पोहोचवणे हे त्यांचे काम. काटेरी तारा, चिखल आणि तोफांचा मारा यांत निरोप अनेकदा पोहोचतच नसे. पुढे त्यांच्या कादंबरीत गोंडोर नावाचे राज्य संकटात सापडते तेव्हा शेजाऱ्याला साद घालण्यासाठी सात डोंगरांवर एकामागून एक आगट्या पेटतात. एका संदेशवहन अधिकाऱ्याच्या मनातून आलेले ते दृश्य आहे, असे वाचताना आम्हाला वाटल्यावाचून राहत नाही.

ऑक्टोबरमध्ये उवांमुळे पसरणाऱ्या खंदक-तापाने टॉल्किन आजारी पडले आणि नोव्हेंबरात त्यांना जहाजाने इंग्लंडला परत पाठवण्यात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला तोफगोळ्याच्या जखमांनी दुसरा मित्र, जेफ्री स्मिथ, गेला. चौघा मित्रांच्या कंपूतील दोघेच उरले.

गोंडोलिन : पहिला गड

त्या आजारपणात, १९१६ची अखेर आणि १९१७ची सुरुवात या काळात, चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या अधिकाऱ्याने एका नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. तिचे नाव गोंडोलिन. ती स्वतंत्र पुस्तक म्हणून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी ती संपादित केली.

गोंडोलिनची जागा पाहा. चहूबाजूंनी दुर्गम पर्वतांचे कडे, मध्ये सपाट मैदान, मैदानात एक टेकडी आणि टेकडीवर शुभ्र नगरी. आत येण्याची वाट गुप्त. शत्रूला तिचा ठावठिकाणाच माहीत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने याहून चांगला गड कोणाला सुचणार? समुद्राचा स्वामी असलेली एक दैवी शक्ती टुओर नावाच्या तरुणाकरवी तेथील राजा टुरगॉनला निरोप धाडते, की या भिंतींवर विसंबू नकोस. पण राजाचा आपल्या हाताने बांधलेल्या नगरीवर इतका जीव जडला आहे की तो जागचा हलत नाही. मग जे व्हायचे तेच होते. राजाचाच भाचा हेव्यापोटी फितूर होतो आणि शत्रूला वाट दाखवतो. लोक उत्सवाच्या पहाटेची वाट पाहत असताना डोंगरापलीकडे आगीचा उजेड दिसतो.

या पहिल्या कथेत नगरीवर चालून येणारे काही ड्रॅगन लोखंडाचे आहेत आणि त्यांच्या पोटात सैनिक बसलेले आहेत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्याच रणभूमीवर जगाने पहिल्यांदा रणगाडा पाहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कथेचे मूळ कोठे आहे ते कळते.

सारे संपते का? नाही. राजाच्या मुलीने, इड्रिलने, वाईट दिवस येणार हे ओळखून एक भुयार खणून ठेवलेले असते. त्या चोरवाटेने ती, तिचा पती टुओर, त्यांचे लहान मूल आणि थोडे लोक निसटतात. जगाची आशा पुढे त्या मुलाकरवीच टिकते. राजाने भिंत बांधली आणि मुलीने वाट खणली. तरुण टॉल्किन यांच्या पहिल्या गडाची ही कथा त्यांच्या पुढच्या सगळ्या गडांना लागू पडते.

प्राध्यापकाचे घर

युद्धानंतर टॉल्किन १९२० मध्ये लीड्स विद्यापीठात आणि १९२५ मध्ये ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९५९ पर्यंत, ते ऑक्सफर्डलाच होते. चार मुले झाली. थोरल्याचे नाव जॉन फ्रान्सिस, फादर मॉर्गन यांच्या आठवणीखातर ठेवलेले. हाच मुलगा १९४६ मध्ये धर्मगुरू झाला. सप्टेंबर १९३१ मध्ये एका रात्री सहकारी सी. एस. लुईस यांच्याशी फिरता फिरता झालेला त्यांचा संवाद प्रसिद्ध आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले.

१९३७ मध्ये 'द हॉबिट' हे मुलांसाठीचे पुस्तक आले. प्रकाशकांना आणखी हवे होते. पुढचे पुस्तक लिहून व्हायला सुमारे बारा वर्षे लागली. मध्ये दुसरे महायुद्ध आले. टॉल्किन ऑक्सफर्डला हवाई हल्ल्यांच्या पहाऱ्याचे काम करत. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलात दक्षिण आफ्रिकेला होता. त्याला ते लिहून झालेली प्रकरणे टपालाने पाठवत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' अखेर १९५४ आणि १९५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाले. एका जेझुइट मित्राला त्यांनी पत्रात कळवले होते की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे. गंमत म्हणजे त्या अख्ख्या पुस्तकात कोठेही चर्च नाही. मग श्रद्धा आहे कोठे? आमच्या मते ती गडांच्या कथेत आहे.

भिंती वेळ देतात, विजय देत नाहीत

गडाचे काम काय असते? थोड्या शिबंदीनिशी मोठ्या फौजेला थोपवून धरणे, खिंड किंवा नदीचा उतार राखणे, बायकामुलांना आसरा देणे आणि मदत येईपर्यंत तग धरणे. टॉल्किन यांना हे पक्के माहीत होते. त्यांचे गड डोळसपणे बांधलेले आहेत.

हेल्म्स डीप या दरीच्या तोंडावर खडकावर गढी आहे, पुढे आडवी भिंत आहे आणि मागे गुहांमध्ये बायकामुले लपली आहेत. परंतु दरीतील ओढा बाहेर जाण्यासाठी भिंतीत एक मोरी ठेवावी लागली आहे. शत्रू आधी त्या मोरीतून सरपटत येतो आणि नंतर तेथेच सुरुंग लावून भिंत उडवतो. माणसाला जगायला पाणी हवे, पाण्याला वाट हवी आणि त्या वाटेनेच शत्रू येतो. अशी मोरी कोणत्याही भिंतीला चुकत नाही. म्हातारा राजा थिओडेन गढीत कोंडून मरण्यापेक्षा पहाटे घोड्यावर बसून बाहेर पडतो आणि त्याच वेळी बाहेरून मदत येऊन पोहोचते.

मिनास टिरिथ ही गोंडोरची राजधानी. डोंगराच्या उतारावर एकावर एक सात तट. प्रत्येक तटाचा दरवाजा वेगळ्या दिशेला, त्यामुळे वर जाणाऱ्या वाटेला आपल्याकडच्या गडांसारखी वळणे घ्यावी लागतात. बाहेरचा तट असा की कोणत्याही आयुधाने फुटू नये. म्हणून शत्रू तटाच्या नादी न लागता दरवाजा फोडतो. पण दरवाजा फुटण्याच्या आधीच नगरीच्या काळजाला तडा गेलेला असतो. राजाच्या गैरहजेरीत राज्य सांभाळणारा कारभारी डेनेथॉर बालेकिल्ल्याच्या मनोऱ्यात बसून दूरचे दाखवणाऱ्या एका गोळ्यात पाहत राहतो. दिसते ते खोटे नसते, पण काय दिसावे हे शत्रू ठरवत असतो. शत्रूची अफाट फौज तेवढी दिसते. त्याची आशा जळून जाते आणि मग तो स्वतःलाही जाळून घेतो. जखमी मुलालाही तो चितेवर ठेवतो. त्या मुलाला वाचवण्यासाठी धावणारा असतो एक बुटका हॉबिट, ज्याला त्या नगरीत पोरासोरांत मोजले जात होते.

सात तट ओलांडून शत्रूचा एकही सैनिक बालेकिल्ल्यात आला नाही. निराशा मात्र थेट आत पोहोचली. बंधू-भगिनींनो, आपल्या घरांना आज चांगले दरवाजे आहेत, खिडक्यांना गज आहेत. पण रात्री उशिरापर्यंत हातातल्या लहानशा पडद्यावर एकामागून एक वाईट बातम्या पाहणारा माणूस त्याच दरवाजाच्या आत बसलेला असतो. त्याने पाहिलेले सगळे खोटे नसते. पण ते सगळे जग नव्हे. आपल्या घरातील एखादी व्यक्ती गप्प गप्प राहू लागली असेल, जगण्यात राम उरला नाही असे बोलत असेल, तर तिच्याकडे धावत जाण्याइतके लहान होणे आपल्याला जमले पाहिजे.

गडाला निष्ठा नसते

टॉल्किन यांच्या कथांतील आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वाईटाचे बहुतेक गड वाईटाने बांधलेलेच नाहीत. सारुमान हा शहाणा जादूगार ज्या ऑर्थँक मनोऱ्यात बसून बिघडला, तो गोंडोरच्या लोकांनी बांधलेला होता. भुतांची नगरी झालेले मिनास मॉर्गुल हे मुळात चंद्राच्या नावाने बांधलेले सुंदर नगर होते. सिरिथ उंगोलचा बुरूज शत्रूला त्याच्या मुलखात कोंडून ठेवण्यासाठी उभारला होता. पुढे तोच शत्रूची चौकी बनला. किल्लेदार बदलला की गड बदलतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला संत ऑगस्टीन यांची एक शिकवण अभ्यासावी लागते. दुष्टतेला स्वतःचे असे अस्तित्व नाही. ती चांगल्याची उणीव आहे, चांगल्याला लागलेली कीड आहे. निर्माण करणे तिला जमत नाही, बिघडवणे जमते. टॉल्किन यांचे गड ही शिकवण दगडांतून सांगतात. आणि संत ऑगस्टीन यांनाही भिंतींचा अनुभव होता. ४१० साली रोम लुटले गेले, त्यानंतर त्यांनी देवाच्या नगराविषयीचा आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला. ४३० साली त्यांनी प्राण सोडला तेव्हा त्यांच्या हिप्पो शहराला वँडल टोळ्यांचा वेढा पडलेला होता.

सर्वांत मोठा गड कसा पडला?

आता शेवटचा गड. दुष्ट सॉरॉनचा बाराद-डूर. त्याचा पाया अंगठीच्या सामर्थ्यावर घातलेला आहे. पूर्वी एकदा सात वर्षांच्या वेढ्यानंतर तो पाडला होता, तरी पाया शिल्लक राहिला आणि गड पुन्हा उभा झाला. त्याला फौजेने जिंकता येणार नाही हे शहाणा गँडाल्फ ओळखतो. म्हणून चांगल्या बाजूचे राजे सात हजारांच्या आसपास माणसे घेऊन शत्रूच्या दरवाजाशी जातात, ते जिंकण्यासाठी नव्हे. शत्रूची नजर आपल्यावर खिळावी आणि दोन हॉबिटांना ज्वालामुखीपर्यंत चालत जाता यावे, एवढ्यासाठी ते आपला जीव पणाला लावतात. सारे गड, सारे वेढे, साऱ्या फौजा शेवटी दोन थकलेल्या वाटसरूंना थोडा वेळ मिळवून देतात.

आणि ते वाटसरू तरी जिंकतात का? अगदी शेवटच्या क्षणी फ्रोडोचाही धीर सुटतो. अंगठी आगीत टाकण्याऐवजी तो ती आपलीच म्हणतो. काम पुरे होते ते गॉलममुळे. हा गॉलम एक बिघडलेला, दयनीय जीव. त्याला ठार मारण्याची संधी अनेकांना आली होती आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी दया दाखवून त्याला सोडले होते. तोच अंगठी हिसकावतो आणि तिच्यासह आगीत पडतो. अंगठी वितळते, पाया ढासळतो, बाराद-डूर कोसळतो. जगातील सर्वांत बळकट गड खाली आला तो पूर्वी कधीतरी कोणीतरी दाखवलेल्या दयेमुळे. ज्याने ती दाखवली त्याला पुढचे काहीच माहीत नव्हते.

टॉल्किन यांनी या घटनेला तारीख दिली २५ मार्च. देवदूताने पवित्र मरियेला संदेश दिला त्या सणाचा हा दिवस. वाटसरूंची टोळी रिव्हेंडेलहून निघाली तो दिवस २५ डिसेंबर. पुस्तकात चर्च नसले तरी चर्चचे पंचांग आहे.

शेवटचा मुक्काम

कल्पनारम्य कथा म्हणजे जगापासून पळ काढणे, असा आरोप टॉल्किन यांच्यावर झाला. १९३९ मधील एका व्याख्यानात त्यांनी यावर विचार मांडला. कैद्याला घरी जावेसे वाटले तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही, रण सोडून पळणारा शिपाई वेगळा आणि तुरुंगाबाहेरच्या जगाची आठवण ठेवणारा कैदी वेगळा, असे त्यांचे म्हणणे होते. सारे हरले असे वाटत असताना अचानक येणारे आनंदाचे वळण हा अशा कथांचा आत्मा आहे आणि मानवी इतिहासातील तसे सर्वांत मोठे वळण म्हणजे प्रभू ख्रिस्ताचे पुनरुत्थान, असेही त्यांनी मांडले. कबरीच्या तोंडावर धोंडा होता, मोहोर होती, पहारा होता. तीही एक तटबंदीच होती.

२९ नोव्हेंबर १९७१ रोजी एडिथ यांचे निधन झाले. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, टॉल्किन यांनीही इहलोक सोडला. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या अंत्यविधीचा मिस्सा थोरले चिरंजीव फादर जॉन यांनी अर्पण केला. वुल्व्हरकोट दफनभूमीच्या कॅथलिक विभागात पती-पत्नी एकाच कबरीत आहेत. तेथील दगडावर त्यांच्या नावांखाली आणखी दोन नावे कोरली आहेत, एडिथसाठी लुथिएन आणि त्यांच्यासाठी बेरेन. ही त्यांच्याच एका कथेतील जोडी. बेरेन शत्रूच्या गडात, अंधारकोठडीत पडलेला असताना लुथिएन त्या गडाच्या पुलावर येऊन गाते. आतून त्याचा क्षीण आवाज तिला ओ देतो. सोबतच्या एका इमानी कुत्र्याच्या मदतीने ती गडाच्या धन्याला नमवते आणि भिंती कोसळतात. फौज नाही, तोफ नाही, शिडी नाही.

ज्या मुलाला घर नव्हते, ज्याचे मित्र खंदकांत राहिले, त्याने आयुष्यभर गड बांधले आणि प्रत्येक गडातून बाहेर पडण्याची एक वाट ठेवली. आपणही सुट्टीत मुलांसोबत त्याचे एखादे पुस्तक वाचावे. आणि या आठवड्यात, ज्याच्यासाठी आपण आपला दरवाजा कधीकाळी बंद केला, अशा एका माणसाचे नाव मिस्साच्या वेळी प्रभूपुढे ठेवावे. त्याच्यावर दाखवलेली दया पुढे कोणता गड पाडील, हे आज आपल्याला दिसणार नाही. दिसण्याची गरजही नाही.